भाड्याच्या घराचे गणित : खरेदीपूर्वी कागदावर मांडावे असे

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हटले जाते. स्वतःच्या निवाऱ्यासाठी घेतलेल्या घराला ही म्हण जितकी लागू पडते, तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराला लागू पडते. निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधी व उपदानाची रक्कम हाती येते आणि घरात चर्चा सुरू होते : बँकेत ठेव ठेवण्यापेक्षा एखादी सदनिका घेऊन भाड्याने दिली तर? महिन्याच्या महिन्याला भाडे येईल, शिवाय मालमत्ताही राहील. विचार गैर नाही. मात्र आयुष्यभराची पुंजी गुंतवण्यापूर्वी हे गणित संपूर्ण मांडलेले असावे.

परतावा : दिसतो तो आणि उरतो तो

उदाहरणादाखल पुण्यातील ५० लाख रुपयांची, पूर्वी वापरात असलेली सदनिका विचारात घेऊ. सात टक्के दराने मुद्रांक शुल्क ३ लाख ५० हजार आणि नोंदणी शुल्क ३० हजार रुपये होते. रंगकाम, पंखे, नळ-जोडण्या व किरकोळ डागडुजीसाठी १ लाख २० हजार धरल्यास प्रत्यक्ष गुंतवणूक ५५ लाखांवर जाते.

या सदनिकेला दरमहा १५,००० रुपये भाडे मिळते असे मानले, तर वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजार होते. त्यातून पुढील वजावट करावी लागेल : जुना भाडेकरू जाऊन नवा येईपर्यंत एक महिना घर रिकामे राहिल्यास १५,०००, सोसायटीचे देखभाल शुल्क ३०,०००, मालमत्ता कर १०,०००, दलाली व दुरुस्ती १५,०००. हाती उरतात १ लाख १० हजार रुपये, म्हणजे ५५ लाखांवर अवघे दोन टक्के. प्राप्तिकर त्यानंतरचा. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील भाडे व खर्च घालून हाच हिशेब करावा. पद्धत बदलत नाही.

याचा अर्थ असा की, भाड्याच्या घरातील लाभाचा मोठा भाग पुढे किंमत वाढेल या अपेक्षेवर अवलंबून असतो. ती वाढेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. ज्यांना दरमहा घरखर्चासाठी उत्पन्न हवे आहे, त्यांनी हा भेद विशेष ध्यानात घ्यावा. अडीअडचणीला ठेव मोडता येते; घराची एक खोली विकता येत नाही.

कर्ज घेऊन गुंतवणूक

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांवरील व ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाची मर्यादा घराच्या किमतीच्या ८० टक्के आहे. वरील उदाहरणात ४० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याजदर व वीस वर्षांची मुदत धरल्यास मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो. खर्च वजा जाता भाड्यातून महिन्याला ९,२०० रुपयांच्या आसपास उरतात. म्हणजे दरमहा सुमारे साडेपंचवीस हजार रुपये स्वतःच्या मिळकतीतून घालावे लागतील. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ या भरवशावर कर्ज घेणाऱ्याने हा आकडा प्रथम पाहावा आणि किमान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवून मगच पुढे जावे.

करार नोंदवलेलाच हवा

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने अनेक घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. भाडेकरू घर सोडणार नाही, ही घरमालकांच्या मनातील धास्ती त्या काळापासूनची. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि ताबा मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते.

हे संरक्षण भक्कम राहावे यासाठी करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून, ती न केल्यास दंड वा कारावासाची तरतूद आहे. शिवाय असा करार नसेल, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास देण्यासही विसरू नये. अन्य राज्यांत भाडेविषयक कायदे वेगळे आहेत. तेथील ग्राहकांनी स्थानिक तरतुदी पाहाव्यात.

सोसायटीने भोगवटा-विरहित शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच आकारावे, असा महाराष्ट्र शासनाचा २००१ चा आदेश आहे. मागणी त्याहून अधिक असल्यास विचारणा करावी.

कराचा विचार

भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. दुरुस्ती, दलाली व देखभालीचा खर्च स्वतंत्रपणे दाखवता येत नाही. कर्जावरील व्याजाचीही वजावट मिळते. मात्र नव्या करप्रणालीत घरापासूनचा तोटा पगार वा अन्य उत्पन्नातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत त्यास वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे.

भाड्याचे घर ही वाईट गुंतवणूक नव्हे. नियमित उत्पन्न असलेल्या, दहा-पंधरा वर्षे थांबू शकणाऱ्या आणि घराची देखरेख करण्याची तयारी असलेल्या व्यक्तीस ते चांगली साथ देते. मात्र निवृत्तीची सारी पुंजी एकाच दारामागे कुलूपबंद करू नये. घर पाहण्यास निघण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा, वरील हिशेब मांडावा आणि घरातील सर्वांसमक्ष वाचावा. त्यानंतर घेतलेला निर्णय, मग तो कोणताही असो, निश्चिंतपणे झोप लागू देणारा असेल.