काळ्या मातीचं फावडं

अकोल्यात घर बांधलं तेव्हा रेती उपसायला आणलेला बेलचा परसात तसाच पडून होता. पहिल्याच पावसात मागची नाली तुंबली अन् तोच घेऊन मी उतरलो. बेलच्याचं पातं दांड्याच्या रेषेत असतं. तो पुढं रेटायचा आणि भरून उचलायचा. रेतीत ते जमतं. आमच्या काळ्या मातीत तो शिरला, पण निघता निघेना. निघाला तोही चिखलाचा लोंदा घेऊन, आणि झटकून झटकून माझे खांदे भरून आले तरी लोंदा पडला नाही.

ही माती पाणी प्यायली की फुगते अन् वाळली की आकसते. मे महिन्यात भेगांत हाताचा पंजा जातो, जुलैत पायातली चप्पल चिखलातच राहते. म्हणून वऱ्हाडात एकाच परसाला ऋतूप्रमाणं वेगळं अवजार लागतं. उन्हाळ्यात फावडं नुसतं आपटतं, तिथं टिकास नाही तर सब्बल हवी. चिखल ओढायला फावडं. आणि वापसा आला की फुलझाडांच्या बुडाशी खुरप्याशिवाय दुसरं काही नेऊच नये, मुळं तुटतात.

पुढं फावडं घ्यायला अमरावतीच्या इतवारा बाजारात गेलो, तेव्हा आई सोबत होती. एका लोहारदादांनी आधी विचारलं, "रेतीत चालवाचं का मातीत?" मी सर्वांत रुंद फावडं उचललं होतं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "कायी माती हाये ना भाऊ? मंग हे नाई चालन." रुंद पात्यावर चिखल जास्त येतो, आणि दर खेपेला तो उचलायचा आपल्याच कमरेनं. त्यांनी अरुंद पातं दिलं, दांड्याकडं जरा आत वळलेलं. असं पातं मातीत धरतं. पसरट कोनाचं वरून घसरत जातं. पातं बोटावर टांगून त्यांनी दगडानं ठोकलं. खणखणीत वाजलं. चीर गेलेलं लोखंड बद्द वाजतं.

दांड्याला मात्र त्यांनी खरा वेळ दिला. बाभळीचे चार-पाच दांडे डोळ्यासमोर धरून पाहिले. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हवी, मध्ये गाठ नको. दांडा मोडतो तो गाठीपाशीच. दांडा सैल झाला की आपण फावडं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, दोन दिवस घट्ट राहतं आणि वाळलं की पुन्हा ढिलं. पाचरच मारावी. निसटलेलं पातं कुणाच्या पायावर जाईल, याचा नेम नसतो.

मग त्यांनी विचारलं, "चालवनार कोन?"

मी आईकडं पाहिलं. एरवी नाली, गोठा, अंगण सगळं तीच करते. इतकी वर्षं ती वडिलांच्या उंचीचं फावडं ओढत होती आणि संध्याकाळी कंबर धरून बसत होती. घरातलं अवजार घेताना हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

लोहारदादांनी आईला उभं केलं, दांडा तिच्या कमरेशी लावून खडूनं खूण केली. करवत चालली. कापलेल्या टोकावर त्यांनी कानस फिरवली, मग स्वतःचा तळवा फिरवून पाहिला आणि फावडं माझ्याकडं न देता तिच्या हातात दिलं.