पिलर किती जाड सोडायचा?

कान्हेरीची लेणी आठवा. तिथले खांब कुणी आणून उभे केलेले नाहीत. भोवतालचा दगड काढला, उरला तो खांब. चंद्रपूर-नागपूरकडच्या भूमिगत कोळसाखाणींतही हीच रीत. कोळशात उभ्या-आडव्या गॅलऱ्या खोदायच्या आणि मधले चौकोन छत पेलायला सोडायचे. याला ‘बोर्ड अँड पिलर’ म्हणतात. पण लेण्यातल्या खांबाला बाजारभाव नव्हता. इथे पिलरमध्ये अडकतो तो विकाऊ कोळसा.

200 मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर खडकाचा भार साधारण 500 टन. 1957च्या कोळसाखाण नियमावलीच्या कोष्टकानुसार या खोलीवर गॅलरी 4.2 मीटर रुंद असेल, तर शेजारच्या दोन पिलरच्या मध्यांत किमान 30 मीटर अंतर लागायचं; 2017मध्ये तिच्या जागी नवी नियमावली आली. गॅलऱ्यांवरचा भारही पिलरवरच येतो, त्यामुळे 500चे पावणेसातशे टन होतात. एवढं करून पहिल्या फेरीत हाती लागतो जेमतेम पाव हिस्सा कोळसा.

खडक कच्चा असला, की हे गणित पुरत नाही. पिलरच्या कडांच्या ढलप्या पडतात. आतला गाभा चहूबाजूंनी आवळलेला, म्हणून तो तग धरतो. त्यामुळे उंचीच्या मानाने पिलर रुंद लागतो. खाली चिकणमाती असेल आणि पाणी मुरलं, तर धडधाकट पिलरही रुततो आणि गॅलरीची जमीन फुगून वर येते. छतच पोचट असेल, तर गॅलरी अरुंद ठेवून रूफ बोल्ट (छत धरून ठेवणाऱ्या सळया) मारावे लागतात. खाणीत सुरक्षा पाहणारा माइनिंग सरदार काठीने छत ठोकून बघतो. आवाज बद्द आला, की वरचा थर सुटलाय असं समजायचं.

एक पिलर गेला, की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. 21 जानेवारी 1960ला दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुकमध्ये असेच पिलरमागून पिलर चिरडत गेले आणि चारशेहून अधिक कामगार गाडले गेले. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो या संशोधकांनी टिकलेली 98 आणि कोसळलेली 27 ठिकाणं तपासून 1967मध्ये पिलरच्या ताकदीचं सूत्र मांडलं. ताकद भाराच्या 1.6 पट ठेवावी, हा त्यांचा सल्ला.

सोडलेले पिलरही पुढे ‘डिपिलरिंग’मध्ये मागे हटत काढतात आणि छत मुद्दाम बसू देतात. वर गाव, रेल्वे किंवा नदी असेल, तर ती मुभा नाही. तिथे पोकळीत वाळू भरायची, नाहीतर कोळसा कायमचा सोडायचा.