'अभ्यासक्रम आणि अनुदेशन' या विषयातील डॉक्टरेट : स्वरूप, संशोधनप्रश्न आणि महाविद्यालयीन अध्यापक

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये पीएच.डी.चा विषय निघतो तो बहुधा सेवाशर्तींच्या निमित्ताने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य केली. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली. एम.फिल. करून दहा-बारा वर्षे अध्यापन केलेल्या साहाय्यक प्राध्यापकाला त्यामुळे पीएच.डी.चा विचार टाळता येत नाही. मात्र हा विचार 'कोणत्या प्रश्नाचा शोध घ्यावयाचा' येथून सुरू न होता 'कोणत्या मार्गदर्शकाकडे जागा रिक्त आहे' येथून सुरू होतो, ही वस्तुस्थिती आहे.

अध्यापकाच्या दैनंदिन कामालाच संशोधनाचा विषय मानणारी एक ज्ञानशाखा अमेरिकन विद्यापीठांत गेली अनेक दशके स्थिरावलेली आहे. 'करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन' म्हणजेच 'अभ्यासक्रम आणि अनुदेशन' या नावाचे स्वतंत्र विभाग तेथे आहेत आणि त्यांत डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण मिळते. काय शिकवावे, ते कोणी ठरवावे आणि ठरलेले वर्गात प्रत्यक्ष कसे उतरते, हे या शाखेचे मूळ प्रश्न होत. प्रस्तुत लेखात या पदवीचे स्वरूप आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने तिच्यातील अडचणी यांचा विचार केला आहे.

ज्ञानशाखेचा उगम

अभ्यासक्रम हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे ही जाणीव अमेरिकेत साधारणतः फ्रँकलिन बॉबिट यांच्या १९१८ मधील 'द करिक्युलम' या ग्रंथापासून मोजली जाते. प्रौढ माणसाला जीवनात जी कामे करावी लागतात त्यांचे विश्लेषण करावे आणि त्यावरून शाळेत काय शिकवावे ते ठरवावे, अशी बॉबिट यांची भूमिका होती. कारखान्यातील कार्यक्षमतेच्या कल्पनांचा तीवर दाट प्रभाव होता. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये १९३८ मध्ये अभ्यासक्रम व अध्यापन यांचा एकत्रित विभाग स्थापन झाला. पुढे शिकागो विद्यापीठातील राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये उद्दिष्टे, अध्ययन-अनुभव, त्यांची संघटना आणि मूल्यमापन ही चौकट मांडली. टायलर यांचे शिष्य बेंजामिन ब्लूम यांचे उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात ब्लूम भारतात परीक्षासुधारणेच्या कार्यशाळांसाठी आले. आज नॅकच्या तयारीत 'कोर्स आउटकम'चे तक्ते भरताना जी क्रियापदे शोधली जातात, त्यांचा वंशवृक्ष हा असा आहे. तक्ता भरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो सांगितला जातो.

या शाखेने स्वतःवरही टीका केली. जोसेफ श्वाब यांनी १९६९ मध्ये हे क्षेत्र मरणासन्न झाल्याचे जाहीर केले. सिद्धान्तांवर अवाजवी विसंबून राहणे हे त्यांच्या मते रोगाचे मूळ होते. विशिष्ट वर्ग आणि विशिष्ट विद्यार्थी समोर ठेवून व्यवहार्य विचारविनिमय करावा, असा त्यांचा आग्रह होता. मायकेल अ‍ॅपल यांनी १९७९ मध्ये 'आयडिऑलॉजी अँड करिक्युलम' मधून वेगळाच प्रश्न विचारला : अभ्यासक्रमात जे ज्ञान येते ते कोणाचे ज्ञान असते?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. बॉबिट यांच्या ग्रंथाच्या ३६ वर्षे आधी, १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. त्यात प्राथमिक शाळांसाठी मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य असा अभ्यासक्रम सुचविलेला आहे. कोणाची मुले शाळेत येणार आहेत, हे पाहून काय शिकवावयाचे ते ठरविण्याचा तो विचार होता. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हे निवेदन 'सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी' म्हणून येते. अभ्यासक्रमाचा दस्तऐवज म्हणून ते क्वचितच वाचले जाते.

पीएच.डी. आणि एड.डी.

या विषयात दोन पदव्या मिळतात आणि त्यांतील भेद प्रवेशापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे. पीएच.डी. ही संशोधक घडविणारी, तर एड.डी. ही व्यावसायिक डॉक्टरेट मानली जाते. एड.डी. ची सुरुवात हार्वर्ड विद्यापीठाने १९२० मध्ये केली. तथापि दोन्हींतील सीमारेषा कधीच स्पष्ट राहिली नाही. अनेक विद्यापीठांत दोन्ही पदव्यांसाठी जवळपास सारखेच काम करावे लागे. हार्वर्डनेच २०१२ मध्ये एड.डी. ऐवजी पीएच.डी. सुरू करण्याचे जाहीर केले. दुसरीकडे, २००७ मध्ये सुरू झालेल्या कार्नेगी प्रकल्पाने एड.डी. ला स्वतःचे रूप देण्याचा प्रयत्न केला. संस्थेतील प्रत्यक्ष व्यवहारातील समस्या घेऊन तिच्यावर काम करणे, हा त्या रूपाचा गाभा होय.

सेवेत असलेल्या अध्यापकाला एड.डी. अधिक जवळची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आयोगाच्या विनियमांत पात्रता म्हणून उल्लेख आहे तो पीएच.डी. चा. परदेशी पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न प्रवेश घेण्यापूर्वी लेखी स्वरूपात सोडवून घेतला नाही, तर पाच-सहा वर्षांच्या श्रमांनंतर नावामागे 'डॉ.' लागते आणि सेवापुस्तकात काहीच बदलत नाही. परदेशी संस्थांच्या सहकार्याने खासगी कंपन्या देऊ करीत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी. ला मान्यता नाही, हे आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले आहे.

पदवीची रचना

आपल्याकडे २००९ च्या विनियमांनंतर पीएच.डी. साठी कोर्सवर्क आले; २०२२ च्या विनियमांत त्यासाठी किमान १२ श्रेयांक आहेत. अमेरिकेत मात्र साधारणतः पहिली दोन-तीन वर्षे अभ्यासवर्गांतच जातात. अभ्यासक्रमाचा सिद्धान्त, अध्ययनाचे मानसशास्त्र, संख्यात्मक व गुणात्मक संशोधनपद्धती आणि गणित, भाषा, विज्ञान यांपैकी एखाद्या विषयाचे अध्यापन यांचा त्यात समावेश असतो. त्यानंतर सर्वंकष परीक्षा येते. तीत उत्तीर्ण झाल्यावर संशोधन आराखडा समितीपुढे मांडला जातो. ही समिती सामान्यतः चार-पाच जणांची असते आणि तिच्यात बहुधा विभागाबाहेरील एक सदस्य असतो. आपल्याकडे सारा भार एका मार्गदर्शकावर आणि त्याच्याशी असलेल्या संबंधांवर राहतो. तेथे मतभेदाला निदान एक औपचारिक जागा मिळते.

या साऱ्यात आपल्या अध्यापकाला सर्वांत अनोळखी टप्पा म्हणजे मानवी सहभागींवरील संशोधनाची पूर्वपरवानगी. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने आणि १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तिचा पाया घातला. संशोधन माणसांवर असेल तर विद्यापीठातील स्वतंत्र मंडळाकडे संपूर्ण आराखडा द्यावा लागतो. नेहमीच्या वर्गाध्यापनावरील संशोधनाला काही सवलत मिळू शकते. परंतु ती मिळते की नाही हे संशोधक स्वतः ठरवीत नाही. अध्यापक स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर संशोधन करणार असेल तर मंडळाचे प्रश्न अधिक टोकदार होतात. अंतर्गत गुण ज्याच्या हातात आहेत, त्याला विद्यार्थी 'नाही' म्हणू शकतो का? संमतीपत्रे कोणी गोळा करावयाची? निकाल लागेपर्यंत ती अध्यापकाने पाहावयाची की नाहीत? प्राचार्यांच्या एका पत्रावर संपूर्ण तुकडीकडून प्रश्नावली भरून घेण्याची सवय असलेल्या संशोधकाला हे सारे जाचक वाटते. परंतु त्या जाचात विद्यार्थ्याला एक व्यक्ती म्हणून मानण्याचा विचार आहे.

संशोधनप्रश्नाची निवड

शिक्षणशास्त्रातील आपल्या प्रबंधांची शीर्षके पाहिली असता एक साचा वारंवार आढळतो : अमुक तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर तमुक अध्यापनपद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास. दोन गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि शेवटी 'टी' मूल्य. या साच्यात अनुदेशन असते, अभ्यासक्रम नसतो. जे शिकवले जाते ते योग्यच आहे, फक्त कसे शिकवावे एवढेच पाहावयाचे, असे त्यात गृहीत धरलेले असते.

एका परिचित उदाहरणावरून हा भेद स्पष्ट होईल. मराठी माध्यमातून बारावी झालेली विद्यार्थिनी वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला येते. दोन वर्षे तिने पुस्तपालनात रोजकीर्द लिहिली आहे, खतावणी केली आहे, तेरीज जुळवली आहे, ताळेबंद मांडला आहे. महाविद्यालयात इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत तिच्यासमोर जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स येतात. 'नावे' आणि 'जमा' यांच्या जागी 'डेबिट' आणि 'क्रेडिट' येतात. पहिल्या अंतर्गत चाचणीत तिला कमी गुण पडतात आणि अध्यापक नोंद करतो : पाया कच्चा.

साचेबद्ध संशोधन येथे दृक्श्राव्य साधनांनी शिकवून पाहील आणि गुणांत वाढ झाली की नाही ते मोजेल. अभ्यासक्रमाचा अभ्यासक आधी पाठ्यक्रमाची प्रत हातात घेईल. विद्यार्थ्याला आधी काय येते याविषयी पाठ्यक्रमाने कोणते गृहीत धरले आहे? बारावीचे पाठ्यपुस्तक आणि प्रथम वर्षाचे नेमलेले पुस्तक ही अभ्यास मंडळाच्या बैठकीत एकाच टेबलावर कधी ठेवली गेली होती का? 'नावे' हा शब्द तिच्यासाठी केवळ संज्ञा आहे की त्यामागे व्यवहाराची समज आहे, आणि असल्यास ती समज 'डेबिट'पर्यंत नेण्याची सोय तासिकांच्या वाटणीत आहे का? त्यानंतर तो वर्गात बसेल, वह्या पाहील आणि तिने पेन्सिलीने समासात लिहिलेले मराठी शब्द टिपून घेईल. 'पाया कच्चा' हे निदान कदाचित चुकीचे ठरेल. पाया असेल, पण वरच्या मजल्याचा आराखडा काढताना तो कोणी पाहिलेला नसेल.

हा प्रश्न आता केवळ विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत मुख्य व गौण विषय, कौशल्य अभ्यासक्रम आणि भारतीय ज्ञानप्रणालीचे घटक नव्याने लिहावे लागत आहेत. स्वायत्त महाविद्यालयांत हे लेखन अध्यापकच करतात, आणि तेही बहुधा मे महिन्याच्या सुटीत, जुन्या पाठ्यक्रमाची फाइल उघडून. सर्व विद्याशाखांतील पीएच.डी. संशोधकांना अध्यापन व अध्यापनशास्त्राचे प्रशिक्षण घ्यावे लागेल, ही २०२२ च्या विनियमांतील तरतूद म्हणूनच महत्त्वाची आहे. काय शिकवावे हे ठरविण्याचे प्रशिक्षण मात्र तीत स्वतंत्रपणे नमूद नाही.

मार्ग आणि अडचणी

महाराष्ट्रातील विद्यापीठांत शिक्षणशास्त्र २०१६ च्या कायद्यानुसार आंतरविद्याशाखीय अभ्यास विद्याशाखेत येते. त्यामुळे अभ्यासक्रमविषयक प्रबंध येथेही होऊ शकतो. मात्र वाणिज्य वा विज्ञानाच्या अध्यापकाला त्या विद्यापीठाची पात्रतेची अट पाहावी लागते, कारण एम.एड. किंवा एम.ए. (शिक्षणशास्त्र) नसल्यास दार बंद असण्याची शक्यता असते. येथे पीएच.डी. साठी प्रवेशापासून किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे आहेत आणि नोकरी सांभाळून ती करता येते. अमेरिकेतील विभागांत इतर विषयांतील पदव्युत्तर पदवी आणि अध्यापनाचा अनुभव असलेल्यांनाही प्रवेशासाठी विचारात घेतात. किंबहुना तो अनुभव तेथे जमेची बाजू ठरतो. परंतु पूर्णवेळ तेथे राहिल्याशिवाय सहसा अध्यापन वा संशोधन साहाय्यकाचे वेतन मिळत नाही आणि त्या वेतनाशिवाय शुल्क आवाक्याबाहेर जाते.

खरी अडचण रजेच्या हिशेबात आहे. २०१८ च्या विनियमांनुसार तीन वर्षांच्या सलग सेवेनंतर साहाय्यक प्राध्यापकाला अभ्यासरजा मिळू शकते. सवेतन रजेचा कालावधी तीन वर्षांचा असून प्रथम दोन वर्षे मंजूर होतात आणि प्रगती समाधानकारक असल्यास एक वर्ष वाढवून मिळते. अमेरिकेतील डॉक्टरेट तीन वर्षांत संपत नाही. प्रमुख विद्याशाखांत शिक्षणशास्त्रातील पदवीला लागणारा काळ सर्वाधिक असतो, कारण तेथेही बरेच विद्यार्थी नोकरी करणारे अध्यापकच असतात.

यातून एक मार्ग निघू शकतो. अभ्यासवर्ग, सर्वंकष परीक्षा आणि संशोधन आराखड्याची मंजुरी एवढे टप्पे रजेच्या तीन वर्षांत पूर्ण करावयाचे, महाविद्यालयात परत रुजू व्हावयाचे आणि माहितीसंकलन येथील वर्गांत करावयाचे. प्रबंधलेखनासाठी तेथे उपस्थित राहणे अनेक विभागांत आवश्यक नसते. मात्र परतल्यावर साहाय्यकाचे वेतन थांबते आणि नोंदणी चालू ठेवण्याचे शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते. शिवाय परवानगी देणारे मंडळ महाविद्यालयाचे संमतिपत्र मागते आणि, वर सांगितल्याप्रमाणे, संशोधकाच्या स्वतःच्या तुकडीविषयी अधिक प्रश्न विचारते. सहकाऱ्याच्या तुकडीवर संशोधन करणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. पण त्यासाठी आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसू देणारा सहकारी लागतो. असा सहकारी आणि अशी योजना मान्य करणारा मार्गदर्शक, या दोहोंची खात्री रजेचा अर्ज प्राचार्यांकडे देण्यापूर्वी करून घ्यावी लागते, कारण त्या अर्जासोबतच कामाची संपूर्ण योजना जोडावयाची असते.