मेंढीच्या डाव्या भकाळीत

शेळीला दुखलं-खुपलं की ती ओरडून सगळ्यांना सांगते. मेंढी सांगत नाही. कळपात मान खाली घालून उभी राहते आणि अगदी नाइलाज होईपर्यंत दुखणं लपवते. शिकारी जनावर कळपातलं दुबळं कोण ते हेरतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दुबळेपणा न दाखवणाऱ्याच टिकल्या. बल्लारपूरच्या भोवतालच्या जंगलात वाघ-बिबट्या आजही आहेत, तेव्हा इथल्या मेंढीला ही सवय सोडायचं काही कारणही नाही.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोली भागात मेंढ्या राखणाऱ्या कुरमारांचं अर्धं काम पाहण्याचं असतं. परतीच्या वाटेवर मागं कोण राहते? कोणाचे कान पडलेत? बाकीच्या बसून रवंथ करत असताना एकटीच उभी कोण? केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली मेंढीच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी मांडली. अर्धवट मिटलेले डोळे, ताणलेले गाल, कानांचा कल, नाकपुड्यांचा आणि ओठांचा बदललेला आकार, अशा खुणांना त्यात गुण आहेत. चांगला मेंढपाळ हे सगळं चालता चालता वाचतो.

संशय आला की पहिला हात जातो डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खोलगट जागेवर. आत तिथंच मेंढीच्या चार पोटांतलं पहिलं, कोठीपोट, असतं. मूठ दाबून धरली की निरोगी मेंढीत मिनिटाला एक-दोनदा आतून एक जड लाट वर येते आणि ओसरते. पाच मिनिटं हात ठेवूनही ती आली नाही, तर मामला गंभीर आहे.

ही लाट कसली, हे कळलं की मेंढीकडे पाहण्याची नजरच बदलते. मेंढीला स्वतःला गवत पचवता येत नाही. गवतातलं सेल्युलोज फोडणारं पाचकद्रव्य तिचं शरीर बनवतच नाही. ते काम कोठीपोटातले सूक्ष्मजीव करतात. तिथल्या एका मिलिलिटर रसात सुमारे हजार कोटी जिवाणू असतात, पृथ्वीवरच्या माणसांहून जास्त. त्यांच्या जोडीला लाखो आदिजीव पोहत असतात. ते 1843 साली फ्रान्समध्ये ग्रूबी आणि देलाफों यांनी पहिल्यांदा पाहिले. हे सगळे गवत आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि मेंढीला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यातूनच मिळतो. मेंढी गवत खाते ती त्यांच्यासाठी. आणि ते पुढच्या पोटांत वाहून गेले की ती त्यांनाही पचवते, तिला बरीचशी प्रथिनं त्यांच्यातूनच मिळतात.

मेंढीनं चारा सोडला की उपाशी राहते ती ही सगळी वस्ती. आदिजीव काही दिवसांतच मरू लागतात. मूळ आजार औषधानं बरा झाला तरी मेंढी मान टाकूनच बसते, कारण पचवणारेच उरलेले नसतात. उलटंही घडतं. कापणीनंतर धानाच्या बांधीत कळप बसवलेला असताना एखादी मेंढी धान्याच्या राशीवर तुटून पडते. इतकी पिठूळ मेजवानी मिळाली की आम्ल बनवणारे जिवाणू बेफाम वाढतात, कोठीपोट आंबट होतं, बाकीची वस्ती त्यात मरते आणि मेंढी दीड-दोन दिवसांत जाऊही शकते.

इथं मला सर्वांत थक्क करणारा उपाय कामी येतो. निरोगी मेंढीच्या कोठीपोटातला ताजा, कोमट रस घेऊन तो आजारी मेंढीच्या पोटात सोडतात. युरोपातले जुने पशुपालक निरोगी जनावराच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी जनावराला भरवत. आज पशुवैद्य तेच काम नळीनं करतात. रस देणारं जनावर रोगमुक्त आहे ना, हे आधी पाहावं लागतं. धान्यानं आंबट झालेलं पोट आधी ताळ्यावर आणावं लागतं. पण वस्ती रुजली की भकाळीत लाट परत येते, आणि मेंढी चाऱ्याकडे मान वळवते.

शुश्रूषेतल्या साध्या गोष्टींमागंही हेच पोट आहे. आजारी मेंढीला कुशीवर आडवी पडू देत नाहीत. आडवी पडली की अन्ननलिकेचं तोंड रसाखाली बुडतं, ढेकर निघत नाही, गॅस साठतो आणि फुगलेलं पोट फुफ्फुसांवर दाब देतं. म्हणून दोन्ही बाजूंना भरलेली पोती लावून तिला छातीवर बसवायचं. पाणी किंवा औषध पाजताना मान फार वर करायची नाही. नाहीतर घोट फुफ्फुसात उतरतो आणि एक दुखणं सुधारताना न्यूमोनियाचं दुसरं मागं लागतं. तापमापीचा आकडाही जपून वाचावा. मेंढीचं नेहमीचं तापमानच 102 ते 103 अंश फॅरनहाइट असतं, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हातून आलेल्या मेंढीचं ते नुसत्या चालण्यानंही चढतं.

पावसाळ्यात दुसरा हात जातो डोळ्याकडे. खालची पापणी हलकेच ओढायची आणि आतला रंग पाहायचा. लालसर गुलाबी असेल तर ठीक. पांढुरकी दिसली तर चौथ्या पोटात हिमॉन्कस नावाचे रक्त पिणारे जंत असण्याची दाट शक्यता. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त घालवतो, म्हणजे हजार जंत 50 मिलिलिटर. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या दवाच्या ओलीतून गवताच्या पात्यावर चढून बसतात, म्हणून सकाळी दव उडाल्यावरच कळप चरायला सोडणं शहाणपणाचं. पापणीच्या रंगांची पाच पायऱ्यांची पट्टी दक्षिण आफ्रिकेत तयार झाली. ती पाहून फिकट पापणीच्याच मेंढीला जंताचं औषध देतात. सगळ्या कळपाला सरसकट पाजलं तर औषधाला न जुमानणारे जंतच मागं उरतात.

आजारी मेंढीला एकटी बांधणं मात्र मला पटत नाही. इंग्लंडमधल्या बाब्रहम संस्थेतल्या कीथ केंड्रिक यांच्या गटानं 2001 साली दाखवलं की मेंढी इतर पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत ओळखते. पुढं हेही दिसलं की एकट्या पडलेल्या मेंढीला मेंढीच्या चेहऱ्याचं नुसतं छायाचित्र दाखवलं तरी तिची धडधड कमी होते. रोग संसर्गजन्य असेल तर वेगळं ठेवावंच लागतं, पण तोंडाला तोंड लागणार नाही आणि कळप दिसत राहील इतकं अंतर पुरे.

काही रोगांत मात्र शुश्रूषा हाच काय तो आधार असतो. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाच्या विषाणूवर औषध नाही. त्यावरची आपली लस भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात तयार झाली, आणि तिचा एक डोस निदान तीन वर्षं पुरतो. लसीच्या जोरावरच गुरांचा बुळकांडी रोग 2011 साली जगातून गेला. तसाच पीपीआर 2030 पर्यंत घालवायचा असं जगानं ठरवलंय. तेव्हा लसीकरणाचं पथक आलं की एकही मेंढी मागं ठेवू नका. आणि भकाळी गप्प वाटली, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवा. पशुवैद्यकीय मदतीचा फोन क्रमांक आहे 1962.