ऑनलाइन शिक्षणाला हवी मदरशातली ‘तकरार’

मुलाने “मोबाइलवर शिकतोय” म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी पडते. पण ज्या घरांना महागडे क्लास परवडत नाहीत, त्यांच्यासाठी हीच मोठी संधी आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवर आयआयटी आणि विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचे कोर्स मोफत शिकता येतात. फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेची. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार, कॉलेजची मान्यता असेल तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय इथून करता येतात.

मग अडतं कुठे? नाव नोंदवणारे खूप, कोर्स पूर्ण करणारे थोडे. वर्गात वेळापत्रक शिक्षक ठरवतात, इथे सगळं स्वतःच ठरवावं लागतं. आणि एकट्याने बसल्यावर अडलं तर विचारायचं कुणाला?

याचं उत्तर आपल्या मदरशांत जुनंच आहे. तिथे धड्याआधी विद्यार्थी स्वतः किताब वाचून येतो, तो ‘मुताला’. धड्यानंतर मुलं घोळका करून बसतात आणि त्यांच्यातलाच एक जण तो धडा बाकीच्यांना पुन्हा समजावतो, ती ‘तकरार’. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. इथे मात्र अर्थ आहे पुन्हा पुन्हा म्हणणं. दुसऱ्याला समजावताना आपल्याला काय कळलं नाही, ते लगेच उघडं पडतं.

हीच रीत ऑनलाइनही चालते. एकच कोर्स घेणाऱ्या तीन-चार जणांनी गट करावा. आठवड्याचे व्हिडिओ ज्याने त्याने आपल्या वेळेत पाहावेत. मग ठरलेल्या दिवशी, मोहल्ल्यात कुणाच्या घरी किंवा व्हिडिओ कॉलवर, पाळीपाळीने एकाने शिकवावं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. असाइनमेंट मात्र प्रत्येकाने स्वतः सोडवावी. आयआयटींच्या एनपीटीईएल कोर्समध्ये असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. नक्कल तिथे कामाला येत नाही.

पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. विषय मुलांना निवडू द्यावा. आणि घरात एकच फोन असेल तर त्यावर मुलीचाही तास ठरवावा. बहुतेकदा भावाची गरज आधी भागते आणि बहिणीचा कोर्स अर्धवट राहतो. इल्म मिळवणं दोघांवरही फर्ज आहे, हे आपण सांगतोच. फोनची वाटणी करतानाही ते आठवायला हवं.