जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

'जुनें तें सोनें' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ती म्हणणारानें एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही कीं सोन्यास गंज चढत नाहीं. लोखंडास चढतो. म्हणून लोखंडाची जुनी वस्तु ज्यास जतन करावयाची आहे, त्याचें नुसत्या आदरानें भागत नाहीं. त्यास ती उघडावी लागते, कुजलेला भाग कापून काढावा लागतो आणि त्या जागीं नवा घालावा लागतो. येथेंच एक प्रश्न उभा राहतो. तो वरवर यंत्रशाळेचा दिसला तरी मुळांत विचारशास्त्राचा आहे. किती भाग नवा घातला असतां वस्तु जुनी राहत नाहीं? आणि तींत आपल्या आवडीप्रमाणें फेरफार केले, तर तिला जुन्या नांवानें हांक मारण्याचा अधिकार आपणांस उरतो काय?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो इंग्लंडांतील एका हौसेमुळें. तेथें कित्येक गृहस्थ घराशेजारच्या गॅरेजांत, सुटीच्या दिवशीं, जुन्या स्पोर्ट्स मोटारी खोलून पुन्हा उभ्या करीत असतात. आपल्याकडील अनेक कुटुंबांतील मुलें आतां तिकडे स्थायिक झालीं आहेत. हें वेड त्यांपैकीं एखाद्यास लागलें, तर घरच्या वडील मंडळींस तें पैशाचें पाणी करणें वाटावें यांत नवल नाहीं. आमचें स्वतःचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. पान्याशीं आमचा संबंध सायकलीपुरताच. तथापि या उद्योगाची माहिती जसजशी मिळवीत गेलों, तसतसें आम्हांस असें वाटूं लागलें कीं यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें केवळ यांत्रिकांनींच शिकावें असें नाहीं.

उदाहरणादाखल आम्ही एकच गाडी घेतों. तिचें नांव एम्. जी. बी. 'एम्. जी.' हीं ऑक्सफर्ड येथील 'मॉरिस गॅरेजेस' या पेढीचीं आद्याक्षरें होत. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यानें १९२० नंतरच्या दशकांत साध्या मॉरिस गाड्यांवर निराळी, डौलदार बॉडी चढवून त्या विकण्यास आरंभ केला. म्हणजे या नांवाचा जन्मच मुळीं फेरफारांतून झालेला आहे, हें वाचकांनीं पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावें. १९२९ सालीं या गाड्यांचें काम ॲबिंग्डन गांवीं गेलें. तेथें एम्. जी. बी. १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती, आणि तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पांच लक्षांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. १९८० च्या ऑक्टोबरांत तो कारखाना बंद झाला. गाडी दोघांच्या बसण्याची, उघडी, वर कापडी छत असलेली. १९६५ पासून पक्क्या छताचा 'जी. टी.' हा प्रकारही निघाला. चार सिलिंडरांचें १,७९८ घन सेंटिमीटरचें इंजिन, दोन एस्. यू. कारबोरेटर आणि सुमारें ९५ अश्वशक्ति, असा तिचा संसार. आजच्या मानानें हे आंकडे सामान्यच म्हणावयाचे. परंतु तिची रचना इतकी सरळ आहे कीं चौकस माणसानें पुस्तक समोर ठेवलें तर साध्या हत्यारांनीं तिचा बहुतेक प्रत्येक भाग त्यास घरीं सोडवितां येतो. शिवाय सुटे भाग मिळतात. १९८८ पासून तर 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या संस्थेनें कारखान्यांतील मूळचेच साचे वापरून तिची संपूर्ण बॉडी पुन्हा तयार करून विकण्यास प्रारंभ केला.

आतां काम कसें चालतें तें पाहूं. फार जुन्या मोटारींत खालीं लोखंडी चौकट असे व तिजवर बॉडी ठेवलेली असे. एम्. जी. बी. मध्यें अशी वेगळी चौकट नाहीं. बॉडीचा पत्राच सारा भार सोसतो. दोन्ही दारांखालून पत्र्याची एक पोकळ तुळई जाते. तिला 'सिल' म्हणतात, आणि तोच या गाडीचा कणा होय. पावसाचें पाणी, चिखल आणि तिकडे हिंवाळ्यांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठीं टाकलेलें मीठ, हीं या पोकळींत शिरतात आणि गंज आंतून बाहेर येऊं लागतो. बाहेरचा रंग चकचकीत असतांना आंतील तुळई जाळीसारखी झालेली असूं शकते. म्हणून जाणते लोक सांगतात कीं जुनी गाडी घेतांना रंग पाहूं नये, तुळई पाहावी. इंजिन थकलेलें असेल तर तें उतरवून नीट करणें त्या मानानें सोपें. कुजलेल्या बॉडीचें काम मात्र वेळ, पैसा आणि धीर या तिहींचीही परीक्षा पाहतें.

तुळई कापण्यापूर्वीं दाराच्या चौकटींत लोखंडाचा आडवा टेका पक्का बसवितात, गाडीस खालून योग्य ठिकाणीं आधार देतात, आणि दाराभोवतालची फट मोजून लिहून ठेवतात. एका वेळीं एकच बाजू कापावयाची, हा दंडक. जो हें करीत नाहीं त्याची गाडी मधोमध किंचित् वांकते, वेल्डिंग त्या वांकलेल्या स्थितींतच पक्कें होतें, आणि पुढें कितीही खटपट केली तरी दारें नीट लागत नाहींत. खोलतांना प्रत्येक भागाचें छायाचित्र घ्यावें, त्याचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवींत घालावे आणि वर चिठ्ठी बांधावी. उत्साहाच्या पहिल्या महिन्यांतच सारी गाडी खोलून टाकणारे पुष्कळ. तिच्या पेट्या वर्षानुवर्षें माळ्यावर पडून राहतात, आणि शेवटीं कोणी तिसराच त्या विकत घेतो. एक अंग सोडवावें, तें पुरें करावें, मगच दुसऱ्यास हात घालावा.

हें काम घरांत, मुलाबाळांच्या वावरांत चालतें. म्हणून धोक्याच्या चार गोष्टी येथें स्पष्ट सांगतों. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही, क्षणभरही, शिरूं नये; खालीं भक्कम स्टँड हवेच. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीस घरीं वेल्डिंग करूं नये, कारण टाकी रिकामी दिसली तरी आंत वाफ असते आणि तिचा स्फोट होतो. जुन्या ब्रेक व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. त्याची धूळ फुंकून अगर हवेच्या झोतानें उडवूं नये, ओलसर फडक्यानें टिपावी व तोंडानाकावर योग्य मुखपट्टी असावी. आणि विजेच्या तारांस हात लावण्यापूर्वीं बॅटरी सोडवावी. ब्रेक व स्टिअरिंग यांचें काम स्वतः केलें तरी गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वीं अनुभवी मिस्त्रीची नजर त्यावरून फिरलीच पाहिजे.

येथपर्यंत झाला तो जीर्णोद्धार. आतां फेरफार. त्यांचे आम्ही तीन वर्ग करतों.

पहिला वर्ग कालमानानें भाग पडलेल्या बदलांचा. इंग्लंडांत २००० सालच्या आरंभापासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली, म्हणून व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या बसविणें इष्ट ठरलें. पेट्रोलांत इथेनॉल मिसळूं लागल्यावर जुन्या रबरी नळ्या टिकेनात, म्हणून त्यास दाद न देणाऱ्या नळ्या घालाव्या लागतात. असे बदल म्हणजे आपद्धर्म. त्यांस कोणी दोष देऊं नये.

दुसरा वर्ग सोयीचा. आसनांमागें सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, त्यांऐवजीं बारा व्होल्टची एकच ठेवणें. ठिणगीसाठीं इलेक्ट्रॉनिक साधन बसविणें. चार वेगांच्या गिअरबॉक्सऐवजीं दुसऱ्या एखाद्या गाडीचा पांच वेगांचा घालणें. हे बदल काळजीपूर्वक केले तर त्यांतील बहुतेक पुन्हा मागें फिरवितां येतात.

तिसरा वर्ग मात्र माघार नसलेला. मोठें इंजिन मावावें म्हणून बॉडी कापणें, रुंद चाकांसाठीं चाकावरील पत्रा फाडून पसरविणें, हे त्यांतले प्रकार. यांतच एक मौजेचा प्रकार सांगण्याजोगा आहे. अमेरिकेंतील नियमांमुळें १९७४ च्या उत्तरार्धापासून या गाडीस मागेंपुढें काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची थोडी वाढली. रसिकांस तें रूप रुचलें नाहीं. म्हणून कित्येक जण पुढचामागचा पत्रा बदलून, गाडी खालीं बसवून, १९७६ च्या गाडीस १९७० च्या गाडीसारखी चकचकीत बंपरांची करतात. गाडी सुंदर दिसते यांत संशय नाहीं. परंतु तिचें वय लपविलें जातें. अमुक सालच्या गाडीचें खरें जुनेंपण त्या काळ्या रबरांत होतें, चकाकींत नव्हे. आणि जो ती उद्यां विकत घेईल त्यास ही गोष्ट न सांगणें म्हणजे फसवणूकच होय.

मग 'मूळ' म्हणावयाचें कशास? पाली भाषेंतील 'मिलिंदपञ्ह' ग्रंथांत भिक्षु नागसेन हा मिलिंद राजास त्याच्या रथाविषयीं असाच पेंच घालतो. चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? राजास प्रत्येकास 'नाहीं' म्हणावें लागतें, आणि अखेर रथ हें भागांच्या जुळणीस दिलेलें नांव आहे, असें ठरतें. तत्त्वज्ञानास एवढें पुरे. सरकारी दप्तरास पुरत नाहीं, कारण त्यास नोंदवहींत कांहींतरी लिहावें लागतें. इंग्लंडच्या वाहनखात्यानें कित्येक वर्षें यासाठीं गुणांची पद्धत चालविली होती. मूळ बॉडीस अगर चासीस ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स व स्टिअरिंग यांस प्रत्येकीं २, आणि इंजिनास केवळ १. आठ गुण भरले आणि त्यांत बॉडी असली तर गाडीचा जुना क्रमांक राहावयाचा. ज्यास आपण गाडीचें हृदय म्हणतों त्या इंजिनास एकच गुण, आणि कण्यास पांच! आपल्याकडेही केंद्र सरकारनें १५ जुलै २०२१ रोजीं पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठीं नियम जाहीर केले आणि त्यांस 'व्ही. ए.' ही निराळी अक्षरें दिलीं. त्यांतही अट हीच, कीं वाहन मूळ रूपांत असावें आणि चासी, बॉडी अगर इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशीं वाहनें रोजच्या वापरासाठीं नव्हेत. प्रदर्शन, शर्यतीची फेरी अशा प्रसंगींच तीं रस्त्यावर आणतां येतात.

आम्हांस मात्र या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर दप्तरापेक्षां पुण्यांतच सांपडतें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें, तें १९६६ सालीं पुरें झालें. तेथेंही एक जीर्ण वस्तु होती. शतकानुशतकें तींत भर पडली होती, कांहीं ठिकाणीं पाठ भ्रष्ट झाले होते. संपादकांनीं काय केलें? पाठ निवडला तो स्वतःच्या आवडीवरून नव्हे, पोथ्यांच्या आधारें. जो पाठ कमी निश्चित वाटला त्याखालीं नागमोडी रेघ ओढली. आणि जे पाठ वगळले ते फेंकून दिले नाहींत. तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवले, जेणेंकरून पुढच्या अभ्यासकास हवें तर त्यानें निराळा निर्णय घ्यावा.

मोटार जीर्णोद्धाराचा सारा धर्म या तीन गोष्टींत आला असें आमचें मत आहे. पोथीचा आधार येथेंही आहे. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्यूझियममध्यें कारखान्याच्या जुन्या नोंदी जपलेल्या आहेत. गाडीचा चासी क्रमांक कळविला म्हणजे ती केव्हां तयार झाली आणि मूळ रंग कोणता होता याचें प्रमाणपत्र तेथून मिळतें. नागमोडी रेघेच्या जागीं एक वही ठेवावी, आणि काय बदललें, केव्हां, कोणत्या कारणानें, तें तींत लिहावें. आणि काढलेले भाग हे आपले पाठभेद. ते तेल लावून, कागदांत गुंडाळून, नांव घालून ठेवावे.

ज्या घरांत एखाद्या मुलानें असा उद्योग मांडला असेल तेथील वडील मंडळींस आमची एक विनंती आहे. 'हें सारें विकून किती येतील?' असें त्यास विचारूं नये. अशा कामांत घातलेला पैसा बहुधा पुरा परत येत नाहीं, आणि तें त्यासही ठाऊक असतें. खर्चाची मर्यादा मात्र आरंभींच ठरवून घ्यावी, कारण एकत्र कुटुंबांत एकाच्या हौसेचा भार सर्वांच्या ताटावर पडतो. मग त्यास विचारावें, 'काढलेले कारबोरेटर कोठें ठेवले आहेस, आणि वही कोठें आहे?' फळीवरील नांव घातलेली पेटी आणि भरलेली वही त्यानें दाखविली, तर गाडी योग्य हातीं आहे असें खुशाल समजावें. आपल्यामागून ती ज्याच्या हातीं जाईल त्याचाही त्यानें विचार केलेला आहे.