सर्व्हरवरील फाईल नेमकी कुणाची?

संकेतस्थळावर छायाचित्र चढवता येत नाही, 'परमिशन डिनाइड' असा संदेश झळकतो आणि घाईत असलेला तंत्रज्ञ संपूर्ण डिरेक्टरीला ७७७ ही परवानगी देऊन मोकळा होतो. काम होते, मात्र त्या क्षणापासून सर्व्हरवरील कोणत्याही खात्याला तेथील मजकूर बदलण्याची मुभा मिळते. लिनक्स सर्व्हरच्या सुरक्षिततेतील ही सर्वांत परिचित चूक असावी.

युनिक्सकडून लिनक्सकडे आलेल्या व्यवस्थेत प्रत्येक फाईलला एक मालक व एक गट असतो. वाचनाचे ४, लेखनाचे २ आणि चालवण्याचा १ असे आकडे मिळून मालक, गट व इतर यांचे अधिकार ठरतात. ६४४ म्हणजे मालकाने लिहावे, बाकीच्यांनी केवळ वाचावे.

खरा पेच मालकीचा आहे. मालक आपल्या फाईलची परवानगी केव्हाही बदलू शकतो. डेबियन प्रणालीत वेब सर्व्हर सहसा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या खात्याने चालतो. संकेतस्थळाच्या फाईलही त्याच खात्याच्या नावे केल्या, तर त्यांना ४४४ देऊनही उपयोग नाही. संकेतस्थळाच्या प्रोग्राममधील त्रुटीतून शिरलेला घुसखोर त्याच खात्याच्या अधिकाराने वावरतो. कुलूपही त्याच्या हाती आणि किल्लीही. म्हणून मालकी वेगळ्या खात्याकडे ठेवून वेब सर्व्हरला गटामार्फत फक्त वाचनाचा अधिकार द्यावा. लेखनाचा अधिकार छायाचित्रांच्या डिरेक्टरीपुरताच असावा आणि तेथे कोणताही प्रोग्राम चालणार नाही, अशी तजवीज करावी.

फाईल पुसण्याचा अधिकार फाईलच्या नव्हे, तर डिरेक्टरीच्या परवानगीवर अवलंबून असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. डिरेक्टरीत लिहिता येत असेल, तर 'रूट'च्या मालकीची फाईलही तेथून नाहीशी करता येते. सर्वांना खुल्या असलेल्या 'टीएमपी' डिरेक्टरीला म्हणूनच 'स्टिकी बिट' लावलेले असते. तेथे ज्याची फाईल त्यानेच पुसायची; अपवाद डिरेक्टरीच्या मालकाचा आणि 'रूट'चा.

आणखी एक गोम आहे. प्रणाली मालकाचे नाव नव्हे, क्रमांक नोंदवते. कर्मचारी नोकरी सोडून गेला, त्याचे खाते काढले, तरी त्याच्या फाईल त्या क्रमांकासह मागे राहतात. पुढे तोच क्रमांक नव्या कर्मचाऱ्याला मिळाल्यास जुन्या फाईल आपोआप त्याच्या होतात. त्यामुळे खाते काढण्यापूर्वीच 'चोन' आज्ञेने मालकी बदलावी. राहून गेलेल्या बेवारस फाईल 'फाइंड' आज्ञेच्या 'नोयूजर' पर्यायाने शोधता येतात.